मिटून ठेवलेली फांदी

ताई: आणि हे सगळं काय आहे?

धाकटा: माइंड मॅप. सांगितलं होतं ना तुला. आईच्या डोळ्याबद्दल जे जे वाचलं त्याचे सगळे बुकमार्क एका जागी. मध्ये आई, तिच्यापासून फांद्या. निळी औषधांची, हिरवी दवाखान्यांची, पिवळी...

ताई: किती आहेत?

धाकटा: बुकमार्क? सहाशे बारा. आधी नुसता पसारा होता गं. आता बघ, एका क्लिकवर हवं ते उघडतं.

ताई: डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? तूच होतास समोर.

धाकटा: उजव्या डोळ्यात इंजेक्शन. पहिलं पंधरा दिवसांत.

ताई: आज किती झाले?

धाकटा: म्हणून काय कुठेही जाऊन सुई टोचून घ्यायची? डोळा आहे तो, ताई. तीन दवाखाने, दोन औषधं, आणि प्रत्येकाबद्दल लोक वेगळंच लिहितात.

ताई: एकोणचाळीस. दवाखान्याच्या बाकावर बसून मोजले. आज मीच नेलं तिला, तुला न विचारता. तिथल्या बाई माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, तारीख राखून ठेवली होती, ईमेल केला, दोनदा आठवण करून दिली, तुमच्याकडून कुणी हूं की चूं केलं नाही. मी म्हटलं, ईमेल आलाच नसेल, माझा भाऊ असा नाही. तुझी बाजू घेऊन भांडले मी, गाढवासारखी.

धाकटा: आला होता.

ताई: कुठाय?

धाकटा: हिरव्या फांदीत. तिला 'निर्णय' म्हणून एक पोटफांदी आहे, त्यात. ती मिटून ठेवलीय.

ताई: मिटून म्हणजे?

धाकटा: फांदीवर दाबलं की तिच्या खालचं सगळं आत जातं. स्क्रीनवर फार गर्दी झाली होती. नीट दिसावं म्हणून मिटली. मग डोक्यातूनच गेली.

ताई: नीट दिसावं म्हणून.

धाकटा: ताई, ऐक ना.

ताई: शिसारी आलीय मला तुझी. नुसता आळशी असतास तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तू महिनाभर मान मोडून बसलास. जेवणाचं ताट इथे आणून द्यायचे मी. शेजारणींना सांगत सुटले, पोरगा आईसाठी डोळे फोडून वाचतोय. आणि केलंस काय, तर आग लागलेली असताना बादल्यांना रंग देत बसलास. हात लावू नकोस मला.

धाकटा: भीती वाटत होती गं. बाबांच्या वेळी दवाखाना मीच निवडला होता. नुसतं वाचत होतो तोवर निदान काही चुकलं नव्हतं.

ताई: बाबांना मध्ये आणू नकोस. त्यांच्या वेळी तू धावला तरी होतास.

धाकटा: डॉक्टर काय म्हणाले आज?

ताई: उजव्यातलं गेलं ते गेलं. परत येणार नाही. डाव्यातही सुरुवात झालीय, म्हणून त्यात लगेच इंजेक्शन दिलं. उद्यापर्यंत पट्टी आहे. आल्यापासून नुसत्या उजव्या डोळ्याने बघतेय ती. भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे दिसतात म्हणाली, काटे दिसत नाहीत.

(आई भिंत चाचपत दारात येते.)

आई: किती बोलशील गं त्याला. कान शाबूत आहेत माझे, सगळं ऐकू येतं पलीकडे. काय रे, माझं चित्र काढलंयस म्हणे. बघू दे.

धाकटा: नको आई. राहू दे.

आई: सरक जरा, बसू दे. ते टेबलावरचं काही सांडलं तर मला बोलायचं नाही हं. बाई बाई, केवढे रंग. इकडे कडेला निळं आहे, तिकडे वरती हिरवं. चांगलं काढलंयस की. यात मी कुठेय?

धाकटा: मधोमध. सगळ्यात मोठा गोल.

आई: मधलंच नाही रे दिसत मला. कडेकडेचं दिसतं तेवढं.