पंख्याची घरघर

व्यवस्थापक : ...मग हात लावलातच का, बाई? तीनदा बजावलं होतं. आवाजाचं नवं मशीन सगळं आपलं आपण करतं, तुम्ही नुसतं बघत बसा.

साउंडवाली : बसले होते ना बघत! सव्वा मिनिट बसले. म्हातारे माइकसमोर उभे, ओठ हलताहेत आणि अख्खं सभागृह चिडीचूप. सख्ख्या मुलाच्या शोकसभेत, साहेब!

व्यवस्थापक : आणि तुम्ही आवाज वाढवलात तर माइक असा किंचाळला की पुढच्या रांगेनं कानांवर हात ठेवले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

साउंडवाली : दोन सेकंद किंचाळला. पुढचं बोलणं ऐकू आलं की नाही?

व्यवस्थापक : मशीनचे कंपनीवाले म्हणतात, ते बरोबरच चालत होतं. मध्ये माणूस कडमडला.

साउंडवाली : वा! करून सवरून नामानिराळे! म्हाताऱ्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. बोलणं म्हणजे नुसती फुंकर. यांच्या एआयला वाटलं, पंख्याची घरघर आहे. टाकली कापून.

व्यवस्थापक : सुधारतील ते. त्यासाठीच तर... बसा जरा.

साउंडवाली : उभीच बरी आहे.

व्यवस्थापक : महिनाभर त्यांच्या इंजिनिअरबरोबर बसायचं. जुनी रेकॉर्डिंग ऐकायची आणि खुणा करायच्या. हा आवाज, हा गोंगाट. तुमचे कान तयार आहेत, असं तेच म्हणाले.

साउंडवाली : आणि महिन्यानंतर?

व्यवस्थापक : बुकिंगच्या खिडकीवर जागा आहे.

साउंडवाली : म्हणजे बावीस वर्षांत कमावलेले कान मी त्या मशीनला द्यायचे आणि स्वतः तारखा लिहीत बसायचं. पायावर धोंडा मारून घ्यायचा तो घ्यायचा, वर नेमही मीच धरायचा!

व्यवस्थापक : माझ्यावर काय डाफरता? वरून आलंय. उद्या मलाही कुठल्या खिडकीत बसवतील, कुणी सांगावं? हो म्हणा. नाही म्हणालात तर खिडकीही जाईल.

साउंडवाली : ...म्हणते. घरी बसून कोणाचं भलं होणार? पण मशीन बंद करून हातानं चालवायची सोय राहिली पाहिजे. तसं लेखी घ्या त्यांच्याकडून.

व्यवस्थापक : घेतो.

साउंडवाली : आजच.

व्यवस्थापक : आजच, बाई! आता तरी बसा. आणि खरं सांगू का, पहिल्या सव्वा मिनिटात ते काय बोलले, आम्हाला कुणालाच कळलं नाही.

साउंडवाली : मला कळलं. माझ्या हेडफोनमध्ये माइकचा आवाज सरळ येतो, मशीनच्या आधी.

व्यवस्थापक : काय म्हणाले?

साउंडवाली : मुलाची सायकल आहे म्हणाले. तो शिकवायचा त्या वर्गातलं कुणी लांबून चालत येत असेल, तर त्यानं घेऊन जावी. मी दार उघडं ठेवतो.

व्यवस्थापक : मग? नेली कुणी?

साउंडवाली : कोण नेणार? ऐकलंय कुणी? आज सकाळी त्यांच्या घरी जाऊन आले. पुसूनबिसून, दोन्ही चाकांत हवा भरून दारात उभी केलीय त्यांनी.