पन्नास सेकंद

चालू यंत्राला हात लावताना मी अजून घाबरतो म्हणून तुम्ही हसता, पण धुळ्याच्या त्या रक्तपेढीत तुम्ही असायला हवे होतात.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी तिथे दोन सर्व्हर आणि त्यांना काउंटरच्या कॉम्प्युटरशी जोडणारे दोन नेटवर्क स्विच बसवले होते. एक स्विच बंद पडला, तर दुसऱ्याने लगेच काम उचलायचं. रक्तपेढीचे डॉक्टर म्हणाले, "आत्ता एक बंद करून दाखवा." मी एका स्विचची वायर काढली आणि काउंटरवरच्या अक्कांच्या कॉम्प्युटरचा पडदा थिजला.

तेवढ्यात साक्रीकडचा एक माणूस चिठ्ठी घेऊन धावत आला. "भाऊ, मनी बायको ऑपरेशनना टेबलवर शे. रगत द्या."

त्याच्या बायकोसाठी रक्ताची पिशवी आधीच जुळवून ठेवली होती, पण फ्रिजमधली नेमकी कोणती, ते पडद्यावरच दिसणार होतं.

"वायर लावा परत," डॉक्टर म्हणाले.

"मध्येच लावली तर दोन्ही सर्व्हर स्वतःलाच मुख्य समजतील आणि नोंदींचा घोळ होईल. जरा थांबा," मी म्हणालो.

भिंतीवरच्या घड्याळात पन्नास सेकंद गेले, तेव्हा दुसऱ्या स्विचने काम उचललं आणि पडदा हलला. अक्कांनी पिशवी काढून दिली आणि तो पळत सुटला.

संध्याकाळी तो मुद्दाम परत आला. मुलगी झाली होती, आई सुखरूप होती. माझ्या हातावर पेढा ठेवून त्याने विचारलं, "भाऊ, सकाळी मशीन बिघडनं व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो, "मीच बंद केलं होतं."