त्रिंबकचे नियम आणि पाणचट आमटी

मंडळी, ऐका! आधी एक गाऱ्हाणं. आपले अच्युतराव, देवस्थानचे कार्यवाह — ते बघा, खांबाला टेकून बसलेत — यांनी देवळाच्या दाराला फळा ठोकलाय! आरतीचं ताट कुणी धरायचं, घंटा कुणी वाजवायची, बायकांनी कुठं उभं राहायचं... का? तर बायका भांडतात! म्हणून विचारते — नियम लावले की भांडण मिटतं का हो? बरं, त्रिंबकला विचारू!

हा त्रिंबक साधाभोळा. त्यानं इंटरनेटवर गावाकडच्या शब्दांचा कोश काढला. कुणीही यावं, शब्द घालावा. मी चौथी नापास, पण एवढं मलाही कळतं — उघड्या दारातून आधी कोण येतं? घरचेच! लिहायला बसल्या दोघी — आई सगुणाबाई आणि बायको मृणाल. बाकी गाव नुसतं वाचायला!

त्रिंबकनं नियम केला : शब्द ठळक, खाली अर्थ, त्याखाली उदाहरण. उदाहरण हवंच!

झालं! सगुणाबाईंनी लिहिलं — ‘पाणचट. चव नसलेलं. उदाहरण : सूनबाईची आमटी.’

मृणाल काय कमी? ‘भोचक. नको तिथं नाक खुपसणारी. उदाहरण : शिजायच्या आधीच झाकण उघडणाऱ्या सासूबाई.’

गाव खूश! चहाच्या टपरीवर कोशाचं पारायण सुरू!

त्रिंबक घामाघूम. नवा नियम : उदाहरणात नातं घालायचं नाही. मग सगुणाबाईंनी लिहिलं — ‘एका घरी एक बाई शहरातून आली. तिला भाकरी थापता येईना...’ पुरी कहाणीच! आता गावात शहरातून आलेली बाई होती किती? एकच!

आणखी नियम : उदाहरण पाच शब्दांत. अरे देवा! आधी काठीनं मारत होत्या, आता टाचणीनं टोचायला लागल्या! ‘उदाहरण : आमटी आजही अगदी पाणचटच होती.’ मोजा, बरोब्बर पाच!

त्या दिवशी मृणालनं माळ्यावरची बॅग काढली. "मी चालले माहेरी. तुमचा कोश आणि तुमच्या आई, दोन्ही सांभाळा!"

त्रिंबकची फार माया होती हो तिच्यावर. नुसती सांगता येत नव्हती — नियम करता येत होते! त्यानं हात जोडले, "उद्यापर्यंत थांब." आणि शेवटचा नियम लिहिला : एकीनं लिहिलेलं दुसरीनं मंजूर केल्याशिवाय दिसणार नाही. दोघींची मंजुरी झाली की पुसता येणार नाही — मलासुद्धा!

कोश ठप्प! आता टोमणा मारायचा, तर जिला मारायचा तिचीच परवानगी घ्या! सगुणाबाईंच्या हाताला खाज सुटली. त्यांच्या आईचा एक लाडका शब्द त्यांना कोशात हवाच होता. करणार काय? नाक मुरडत लिहिलं — ‘निगुती. जपून, नीटनेटकं काम. उदाहरण : मृणाल निगुतीनं घड्या घालते.’

लाच! शुद्ध लाच! पण मृणालनं वाचलं. परत वाचलं. बॅगेतल्या साड्यांच्या घड्यांकडं बघितलं. मग स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, "आई, हे खरं की मंजुरीपुरतं?"

"घड्या खऱ्या," सगुणाबाई म्हणाल्या. "आमटीचं मात्र मी काही बोलले नाही हां!"

मृणाल फसकन हसली! दिली मंजुरी. आणि दोघी एका मोबाइलवर डोकी घालून बसल्या.

संध्याकाळी त्रिंबक भीतभीतच घरात शिरला. बॅग परत माळ्यावर! त्यानं घाईघाईनं कोश उघडला. नवा शब्द — ‘ऐदी. काम सोडून बसणारा. उदाहरण : पंख्याखाली बसून नियम करणारा.’ दोघींची मंजुरी!

पुसायला गेला. पुसेना! नियम कुणाचा? त्याचाच! पण घरात बऱ्याच दिवसांनी हसण्याचा आवाज येत होता. त्यानं मोबाइल खाली ठेवला आणि विचारलं, "आमटी कुणी केलीय?"

"दोघींनी!"

पाणचट होती, मंडळी. दोन वाट्या प्यायला!

तेव्हा बायांनो, देवानं जीभ दिलीय ती टोचायला नाही — पण टोचलंत तर पुढं एकत्र बसून हसायचंही बघा! आणि अच्युतराव, तुम्ही! उठा, तो फळा काढा, हातात टाळ घ्या आणि आमच्यात येऊन बसा. दारात नियम ठोकून देऊळ चालत नाही, बाबा! नाहीतर ‘ऐदी’ला दुसरं उदाहरण तयार आहे. मंजुरी? तुमच्या सौभाग्यवती बघा कधीपासून मान हलवतायत!