निडियाबाईंची गच्ची

सान पेद्रोत औषधांच्या दुकानापुढे सहा-सहा फुटांवर रांग होती. पुढे निडियाबाई, मागे फाउस्तो, मधे एल्पिदिओ. त्याच्या डोक्यावरून दोघांची जुंपली होती.

“बाई, करोनामुळे यंदा बेसबॉलचे तीसच सामने, त्यात प्रेक्षकांना बंदी. आपला संघ आपल्या आरड्याओरड्यावर जगतो. यंदा काही खरं नाही!”

“माझी गच्ची मैदानाच्या भिंतीला लागून आहे, विसरलास?”

“म्हणून काय?”

“काल मी एकटीनं असा ढोल बडवला, की राजधानीवाल्यांचा पिचर चार चेंडू वाकडे टाकून पंचाकडे धावला. ‘आधी प्रेक्षकांना गप्प करा!’”

“मग?”

“पंचानं रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली नि म्हणाला, ‘कुठल्या प्रेक्षकांना?’”

“बाई,” एल्पिदिओला राहवलं नाही, “सहा फूट अंतर ठेवून गच्चीवर एक तुतारी मावेल का?”