गाडीवर बायकोचं नाव

नाही हो भाऊ, नोकरी वाईट आहे असं मी कुठं म्हटलं? बसा, बसा त्या बाकावर, मक्याचे तामाल अजून पानांत उकडतायत — शनिवार आहे ना, दारात लाल दिवा लावला की वस्तीला कळतं, ग्रिसेल्दाचे तामाल तयार, तोवर आपल्याला वेळ आहे. विचारायला आलात हे बरं केलंत. आधीचे दोघं आलेच नाहीत विचारायला. म्हणजे — असो. ती बस माझा नवरा चालवायचा, ऑब्दुलियो, तेव्हा माझ्याइतकं नीट कोण सांगणार तुम्हाला? मालक पगार वेळेवर देतो. खरंच देतो. नाताळचा बोनस देतो, इंजिनाची निगा ठेवतो, आईवरून शिव्या देत नाही. रस्ता सोपा, इथून टेकडीवरून खाली बाजारापर्यंत आणि परत वर. तुम्ही तर म्हणता डोंगरात ट्रक चालवलाय, धुक्यात, दरीच्या कडेनं — मग हा रस्ता म्हणजे तुम्हाला खेळ. घ्या. मी तर म्हणते आजच हो म्हणून टाका. उद्यावर नका टाकू.

काय? आधीचा का सोडून गेला? सोडून कुठं गेला — तो साकापाकडचा उंच पोरगा, हसरा होता, माझ्याकडून रोज मक्याची पेज प्यायचा, अर्धी उभ्यानंच — त्याला गावाकडे — नाही, थांबा. तुम्ही डोळ्यात बघता राव, असं बघितलं की मला खोटं जमत नाही. दरीत सापडला. हात मागे बांधलेले. त्याच्या भावाला मी कपडे ओळखायला मदत केली, कारण चेहरा ओळखण्यासारखा ठेवला नव्हता. त्याच्या आधीचा चेपे, तो हुशार, त्यानं सीटच्या पाठीला लोखंडी पत्रा जोडून घेतला होता, म्हणाला, काकू, आता मागून कुणी काही करू शकत नाही. समोरून मारलं त्याला. काचेतून. आणि त्याच्या आधी ऑब्दुलियो.

नाही, रडत नाहीये, चुलीचा धूर आहे. बेकरीच्या थांब्यावर मोटरसायकल आली, दोघं होते, मागच्यानं खिडकीशी येऊन नाव विचारलं म्हणतात — नाव विचारलं, यानं सांगितलं, सभ्य माणूस ना! — आणि त्यानं झाडल्या. गळ्यात, इथं, आणि इथं. गाडी घसरत जाऊन बेकरीच्या शटरवर आदळली. लोक मागच्या दारानं उतरले, काही पुढच्या दारानं त्याला ओलांडून उतरले, त्यांना मी दोष देत नाही, मीही तशीच उतरले असते. मी पोचले तेव्हा पिठाच्या हातानंच पोचले, त्याच्या मानेला हात लावला तर पीठ आणि रक्त मळून माझ्या बोटांत त्याचा गोळा झाला. धुतला तरी दिवसभर नखांत होता. आणि मालक — ऐका — मालकानं दुपारी गाडी साबणानं धुऊन घेतली आणि संध्याकाळची फेरी सोडली. सीट ओली होती म्हणून चालवणाऱ्यानं खाली प्लॅस्टिक घातलं.

तुम्ही म्हणाल, ड्रायव्हरनं काय केलं होतं? काही नाही. त्या टोळीला हप्ता मालकानं द्यायचा असतो. पण मालकाला कसं मारणार? मालक मेला तर हप्ता कोण देणार? मग ड्रायव्हर मारतात. मालकाला निरोप पाठवायचा, त्याचा कागद म्हणजे ड्रायव्हर. मालकानं निरोप वाचला की वाचला नाही हे तुम्हीच बघा, तुमच्या आधी तिघं गेले.

पण तुम्हाला त्यानं सांगितलं असेल ना — सांगितलंच असेल, तुमचा चेहराच सांगतोय — की गाडीवर पुढे तुमच्या बायकोचं नाव रंगवू? मोठ्या अक्षरांत, भोवती फुलं? हो ना! खूश झालात ना? ऑब्दुलियोही झाला होता. घरी येऊन मला उचलून फिरवलं यानं, म्हणाला, आता सगळं शहर तुझं नाव घेत हात दाखवणार. आणि खरंच, बाया ओरडायच्या, आली रे ग्रिसेल्दा, पळा! मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. पण तुम्ही परत जाल तेव्हा गाडीच्या कपाळावर नखानं जरा खरवडून बघा. मी बघितलंय. वरचा हिरवा रंग निघाला की खाली लाल, त्यावर त्या साकापावाल्याची बायको, तिच्याखाली निळा, त्यावर चेपेची एल्वीरा, आणि सगळ्यांत खाली मी. आमच्याकडे ड्रायव्हर गाडीला बायकोचं नाव देतो ही जुनी रीत, प्रेमाची रीत. मालकानं तिचा धंदा केला. टोळीची ती पोरं गाड्या नावानंच ओळखतात हो, नंबर कोण वाचतो? ग्रिसेल्दाचा हप्ता आला का, एल्वीराचा आला का. रंग बदलला, नाव बदललं की त्यांच्या लेखी नवी गाडी, नवा माणूस. नव्याला जरा सवलत असते — आधी चिठ्ठी, मग फोन, मग काच फुटते, मग. तेवढे महिने मालकाला फुकट. ते महिने तो तुमच्या बायकोच्या नावावर काढणार.

बघा, बोलले सगळं. बोलायचं नव्हतं. सकाळी मालक येऊन सांगून गेला होता, ग्रिसेल्दा, तुझ्याकडे एक माणूस येईल, त्याला चार चांगले शब्द सांग. का सांगते मी चांगले शब्द? त्याची भीती? थू! तुम्ही नाही म्हणालात तर ही नोकरी माझ्या मुलीला मिळते म्हणून. नीनेत. पाण्याचा टँकर चालवते, बापानं शिकवलंय, तिच्यासारखं वळण या वस्तीतली एक बाई घेत नाही, एक पुरुषही नाही. मालक तिला म्हणाला, बाईवर ते गोळी झाडत नाहीत. झाडत नाहीत! माझ्या बहिणीच्या गल्लीत त्यांनी टॉर्टिला थापणारीला मारलं, हातातली टॉर्टिला पण सुटली नव्हती. आणि नीनेतला पैसा नकोय, मी आई आहे, मला कळतं. तिला वाटतं मोटरसायकल परत येईल आणि ती स्टिअरिंग फिरवून त्या दोघांना भिंतीशी चिरडेल. झोपेत तिचा पाय ब्रेक दाबतो, मी बघते. रंगारी विचारत होता, अक्षरं किती मोठी काढू — तिचं स्वतःचंच नाव घालणार आहेत, नवरा-बायको दोन्ही तीच.

म्हणून म्हणते घ्या. तुम्ही घ्या. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. तामाल खायला आलेलं गिऱ्हाईक. मी तुमच्यासाठी मेणबत्ती लावीन, दर रविवारी लावीन, तुम्ही पुरुष आहात, डोंगरातले आहात, कदाचित तुमच्या वेळेला — काय? नाही. नको. नाव सांगू नका तुमच्या बायकोचं. मला ऐकायचं नाहीये. म्हटलं ना नको —

आउरोरा.

का सांगितलंत? मी नको म्हणत होते. आउरोरा. आता ती बाई माझ्या डोक्यात उभी राहिली ना, पिठाचे हात घेऊन धावत निघालेली. घाणेरडा माणूस आहात तुम्ही, साधा दिसता पण. उठा. उठा म्हणते. मालकाकडे जाऊ नका, त्याचं तोंडही बघू नका, सरळ बस पकडा आणि तुमच्या धुक्यात जा. पैसे नकोत तामालचे, हे दोन घ्या, पानात बांधून देते, वाटेत खा. नीनेतचं? नीनेतचं मी बघते. गिअर उजव्या हातानं टाकतात, हो ना? तुम्ही ट्रकवाले, तुम्हाला माहीत. मोडलेला मनगटाचा सांधा जुळायला बराच काळ लागतो, आणि जुळला तरी जड गाडी ओढत नाही म्हणतात. हा वरवंटा बघताय? मका वाटायचा आहे. माझ्या आईचा. असं बघू नका माझ्याकडे! जिवंत राहील ती. मला शिव्या देईल, आयुष्यभर देईल, देऊ दे. टँकर लावलाय बघा तिनं कोपऱ्यावर, ती येतेय. निघा तुम्ही. काही ऐकू आलं तरी मागे वळायचं नाही. जा!

ये गं. बस इथं. हात पुढे कर बघू.