जुन्या पायातली सळई

“आलीस का माय? किती दिस हायस?” माहेरच्या दारात पाऊल टाकताच बाप विचारायचा. बाप जाऊन वर्षं झाली, पण तो सवाल बानूबाईच्या कानातून गेला नव्हता. आज सोनपेठच्या स्टँडवर ती परभणीच्या गाडीची वाट बघत होती; तिच्या मागच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची लेक बोलत बसली होती.

“आबा, माझ्या खोलीचा पाया जुन्या पायाला जोडून घ्या. जुन्याला भोकं पाडून सळया बसवायच्या, त्यावरच नवं काँक्रीट.”

“मिस्त्रीच झालीस की गं रुपाली! दिवाळी-पंचमीला राहायची खोली ती. येगळीच बरी.”

“काळी माती हाय, उन्हाळ्यात फाटती. येगळी खोली सरकंल, मधी भेग पडंल.”

“पडू दे. चार दिसाच्या पाव्हणीला भेग काय करती?”

“जोडा म्हणलं ना, आबा.”

“जावईबापूंनी सांगितलं का हे?”

“त्यांनी काईच सांगितलं न्हाई.”

“मग फोन लाव. न्यायला कधी यायलेत, इचार.”

परभणीची गाडी लागली. ती दोघं उठली नाहीत. बानूबाईही उठली नाही.

“आबा, न्यायला कुणी येणार न्हाई. मला आता हितंच राहायचंय.”