अष्टमीला आलेले साहेब

आठवलं की आजही डोकं तापतं बघा. आमची शाळा धरमतर खाडीला लागून. अमावस्येच्या उधाणाचं पाणी थेट पहिलीच्या वर्गात शिरतं. मी शाळेच्या समितीवर होते. विकास आराखड्यात आधी बांध घ्या, एवढंच आमचं मागणं. तालुक्याचे साहेब पाहणीला आले ते नेमके अष्टमीला, जेव्हा भरतीचं पाणी फारसं चढतच नाही.

“कुठाय पाणी?” म्हणाले, आराखड्यातला बांध खोडून तिथे भिंतींवरची चित्रं लिहिली आणि कागद सहीला माझ्यापुढे सरकवला.

शेजारची काशी कुजबुजली, “सही करू नको गो!”

मी म्हटलं, “करते की सही. पण येत्या अमावस्येला साहेब पहिलीच्या वर्गात पोरांसारखे खाली बसतील. खुर्ची नाय मिळायची.”

“त्या दिवशी मला रोह्याला मीटिंग आहे.”

“मग पोरांनाही रोह्यालाच न्या,” मी म्हटलं, आणि सही न करताच उठले.